वळणावरचे दगड कुणी मांडले?

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. म्हणजे अगदीच नाही. आमच्या कॉलनीत कट्ट्यावर असले विषय निघाले की एक तर मी उठून घरी जातो, नाहीतर सांगणाऱ्याला इतके प्रश्न विचारतो की तोच उठून घरी जातो. सगळं आयुष्य मशीन मेंटेनन्समध्ये गेलं. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, एवढंच मला कळतं. या सदरातले तुमचे अनुभव मी वाचतो तेसुद्धा, खरं सांगायचं तर, त्यातल्या चुका काढायला. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर घरात हशा पिकलाय... पिकू दे.

आम्ही नाशिक रोडला राहतो, जेलरोडच्या बाजूला. आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता, तिला सुरगाण्याला दिली आहे. जावई तिकडे शाळेत शिक्षक आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच असतं, त्यामुळे गेल्या जानेवारीत मी आणि आमच्या सौ. तिला आणायला गेलो होतो. दिवस भरत आले होते. जावयांना शाळेतून सुट्टी नव्हती, ते दोन दिवसांनी येणार होते. म्हणजे गाडीत आम्ही तिघंच... आणि सामान. या सामानाबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण विहीणबाईंनी तांदूळ, नागली, उडीद, बांबूच्या टोपल्या आणि बाळासाठी गोधड्या असं काही भरलं होतं की डिकीचं झाकण दोघांनी दाबून बंद करावं लागलं.

निघताना विहीणबाई गाडीच्या खिडकीशी आल्या. प्राजूची ओटी भरून झाली होती, डोळ्यांना पदर लावून झाला होता. मग मला म्हणाल्या, “भाऊ, वाटंत कुठंबी थांबा, च्या प्या. पन पोरीला शिवंवर उतरू देऊ नका. पोटुशी बाई शिवंवर पाय ठेवत नाय.”

शीव म्हणजे दोन गावांची हद्द. आता माझ्यासारख्या माणसाने यावर काय बोलावं! इतर कुणी असतं तर मी तिथेच भाषण ठोकलं असतं. पण मुलीच्या सासूला दारात उभं राहून उलट बोलणारा बाप अजून जन्मायचा आहे. मी म्हणालो, “नाही उतरू देणार, ताई. शब्द दिला.” मागच्या सीटवर प्राजू तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिला आपला बाप चांगला माहीत आहे.

बोरगाव मागे पडलं की वणीच्या बाजूला रस्ता घाटातून उतरतो. नेमकं वळण कोणतं ते मी सांगणार नाही. कारण सांगितलं की तिथे आधी अगरबत्ती लागेल, मग पत्र्याची शेड उभी राहील आणि मग तिथे गाड्या थांबून खरे अपघात व्हायला लागतील. आपल्या लोकांचं मला माहीत आहे. दुपार टळत आली होती, स्वच्छ ऊन होतं, हवेत छान गारवा होता. सौ. डुलक्या घेत होत्या आणि प्राजू खिडकीतून बघत गुणगुणत होती. इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मुलगी घरी येतेय, घरात बाळ येणार, आपण गाडी चालवतोय... आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागून फटफट फटफट असा आवाज. पंक्चर!

आता यात मी मास्तर आहे. कॉलनीतल्या निम्म्या पोरांना मी हे शिकवलंय. टायर बसला की ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची, चारी इंडिकेटर लावायचे आणि सरळ, सपाट, लांबून दिसेल अशी जागा बघूनच थांबायचं. वळणावर कधीही नाही. मी सगळं बरोबर केलं. फक्त शेवटचं सोडून. वळण उतरलो, पुढे सरळ रस्ता दिसत होता, तिथपर्यंत गाडी रखडत नेता आली असती. पण चाकाचा आवाज बदलला आणि मला वाटलं, रिम गेली! नाशिककर मध्यमवर्गीय माणूस जीव देईल पण रिम वाकू देणार नाही. मी तिथेच, वळणाला पाठ करून, डाव्या कडेला गाडी लावली. मागून येणाऱ्याला आम्ही दिसणार ते वळण घेतल्यावरच.

गेलेलं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं मागचं. म्हणजे मला रस्त्याकडे पाठ करून बसायचं होतं. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, खाली उतरलो. स्टेपनी अर्थातच तांदळाखाली. लाल त्रिकोण असतो ना, गाडीमागे ठेवायचा, तो शोधला तर तो घरी! येताना सामानाला जागा व्हावी म्हणून सौ.नी नाशिकहून निघतानाच काढून ठेवला होता.

“त्या प्लास्टिकच्या तुकड्याने काय होतं?” त्या म्हणाल्या.

“काय होतं ते तुला कळलं ना...”

“आई, बाबा, भांडू नका. मी खाली उतरू का?” प्राजू मधेच म्हणाली.

तिने विचारलेलं अगदी बरोबर होतं. जॅक लावलेल्या गाडीत माणूस बसवायचा नसतो. मी म्हणणारच होतो की उतर, तेवढ्यात सौ.नी माझा दंड धरला आणि डोळ्यांनी रस्त्याच्या कडेला खूण केली. गवतात शेंदूर फासलेला एक दगड होता, शेजारी लाकडाचा जुना कोरीव खांब, त्यावर सूर्य-चंद्र आणि वाघ. तिकडच्या गावांच्या हद्दीवर असतो तसा.

“अहो, शीव आहे ही.”

“मग?”

“मग काय मग? शब्द कुणी दिला?”

मी खरंच वाद घालणार होतो. पण पहिलं बाळंतपण... उद्या काही कमी-जास्त झालं तर आयुष्यभर ऐकावं लागेल की विहीणबाईंनी सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा हाच हिशेब चालू होता. शिवाय मनात म्हटलं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. “बस बाई आत,” मी म्हणालो. “हलू मात्र नकोस.”

सौ.ना म्हटलं, पुढच्या चाकाला लावायला एक मोठा दगड बघ. त्या पुढे कडेला दगड शोधायला गेल्या. मी पाना घेऊन बसलो. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना, मग जॅक. एक नट इतका आवळलेला होता की मी पान्यावर उभा राहिलो. गेल्या वेळी चाक बसवणाऱ्याच्या खानदानाची आठवण काढत होतो.

आणि तेव्हा मागून आवाज आला. टक.

दगडावर दगड नाही, डांबरावर दगड ठेवल्याचा आवाज. जड दगड, अलगद ठेवलेला. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टक. मी मान वर न करताच म्हणालो, “अगं, एकच दगड पुरे, तो आण इकडे.” उत्तर नाही. आवाज चालूच. मला बरं वाटलं, म्हटलं, हिला सुचलं वाटतं मागे दगड लावायचं. आपल्याकडे ट्रकवाले करतात ना तसं. गाडी बंद पडली की मागे दगडांची रांग आणि झाडाची फांदी. पद्धत चांगली आहे, फक्त गाडी दुरुस्त झाली की ते पठ्ठे तसेच निघून जातात आणि दगड तिथेच राहतात, दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर उठायला. त्यावरून मी रस्त्यात लोकांशी भांडलेलोही आहे.

मी जॅक लावला. गाडी वर यायला लागली. आणि समोरून, म्हणजे बॉनेटच्या बाजूने, सौ. दोन्ही हातांत एक धोंडा धरून धापा टाकत आल्या.

“हा चालेल का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मागे परत आवाज झाला. टक.

“मागे कोण आहे?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मला वाटलं तुम्हीच ठोकताय काहीतरी.”

तेवढ्यात आतून प्राजूचा आवाज आला. ती मागच्या काचेतून बघत होती. “बाबा... ते दगड आपोआप कसे आले?”

मी पाना टाकला आणि मागे गेलो. खरं सांगतो, भीती वगैरे वाटली नाही, उलट कुतूहल. कुणी गुराखी असेल, मदत करतोय, त्याला थँक्यू म्हणू, एवढंच. आमच्या गाडीच्या मागच्या बंपरपासून दगडांची रांग सुरू झाली होती. ती रस्त्याच्या कडेने तिरकी होत वळणावर गेली होती आणि वळणाच्या पलीकडे, वर, पार तिथपर्यंत, जिथे उतरणाऱ्या ड्रायव्हरला ती लांबून दिसली असती. दर थोड्या अंतरावर एक दगड आणि प्रत्येक दगडाखाली दाबलेली हिरवीगार फांदी. मला मांडायला सांगितलं असतं तर इतकी बरोबर मांडता आली नसती. जवळचा दगड पायाने उलटवून बघितला, खाली ओली माती लागलेली. म्हणजे नुकताच उपटलेला. काही दगड असे होते की एकट्या माणसाच्याने हलले नसते.

माणूस मात्र नाही. एका बाजूला उभी दरड, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली दरी. दरडीवर सागाची झाडं, तीही पानं गळून काटक्या झालेली. लपायचं म्हटलं तरी लपणार कुठे! मी हाक मारली, “कोण आहे हो? दादा? मावशी?” माझाच आवाज परत आला.

तिथे उभा असताना मला पहिल्यांदा वळणाच्या त्या बाजूने आमची गाडी दिसली. दिसली म्हणजे, दिसत नव्हती. अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नव्हती. आणि तिच्यात माझी मुलगी बसली होती, पोटात बाळ, आणि गाडी एका जॅकवर. शीव, शब्द, विहीणबाई, सगळं गेलं खड्ड्यात. मी पळत आलो आणि दार उघडलं. “ऊठ. खाली उतर.”

“अहो, शीव...” सौ. म्हणाल्या.

“असू दे शीव. रागवायचं तर माझ्यावर रागवू दे तिला.”

दरडीच्या बाजूला गटार होतं, त्यापलीकडे थोडी उंच सपाट जागा. मी एका हाताला, सौ. दुसऱ्या हाताला, असं करत प्राजूला गटारापलीकडे नेलं, आणखी थोडं वर चढवलं आणि एका गोधडीवर टेकवलं. ती खाली बसत होती तेवढ्यात वरून गाडीचा आवाज आला. भरधाव. मग टायर करकचून घासल्याचा आवाज.

टोमॅटोने भरलेला पिकअप होता. वळणातून तो आडवा घसरतच आला, दगडांच्या रांगेच्या बाहेर बाहेर राहायचा प्रयत्न करत. जवळजवळ थांबलाच होता. शेवटी त्याचा कोपरा आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला लागला, फार जोरात नाही. पण जॅक निसटायला तेवढं पुरलं. गाडी धाडकन खाली बसली, मागची काच फुटली आणि सगळ्या काचा मागच्या सीटवर पडल्या. ज्या सीटवर प्राजू होती तिच्यावर. आणि पिकअपचं चाक जिथे थांबलं, तिथे माझा पाना पडलेला होता.

रस्त्यावर टोमॅटो गडगडत होते. मग ड्रायव्हर उतरला, पंचविशीतला असेल, चेहरा पांढराफटक. “काका, लागलं का कुनाला? त्या फांद्या दिसल्या म्हनून वरूनच ब्रेक मारला हो. ब्रेक लागंना नीट... वजन लय हाय मागं. फांद्या नसत्या तर म्या डायरेक मधीच घुसलो असतो...” आणि तो खाली बसून रडायलाच लागला. मला त्याला ओरडायचं होतं, पण मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर प्राजू पोटाला दोन्ही हात धरून बसली होती. मी विचारलं, “बेटा?” ती म्हणाली, “लाथा मारतोय, बाबा. जोरजोरात.” आणि हसली. तेव्हा मात्र मी गटाराच्या काठावर बसलो आणि रडलो. सौ. माझ्याकडे बघून रडल्या. टोमॅटोवाला आधीपासून रडत होताच.

मग कामाला लागलो. ड्रायव्हरने पिकअप पुढे घेऊन कडेला लावला. ड्रायव्हर आणि मी दोघांनी मिळून चाक बसवलं. नट समोरासमोरचे आवळले, एकाच बाजूचे नाहीत. सौ. सीटवरच्या काचा झाडत होत्या. आम्ही चौघंही तिथेच, एकमेकांच्या नजरेसमोर. सगळं झाल्यावर मी ड्रायव्हरला म्हटलं, “चल, आता ते दगड उचलू. तसेच सोडून जायचे नाहीत.”

आम्ही मागे वळलो. सांडलेले टोमॅटो सोडले तर रस्ता रिकामा होता.

एकही दगड नाही. वळणापलीकडे जाऊन बघितलं, तिथेही नाही. दरडीच्या पायथ्याशी, रस्त्यापासून चांगले आत, सगळे दगड नीट रचून ठेवलेले होते आणि वर फांद्यांचा भारा. एक आवाज आला नव्हता. ड्रायव्हरने त्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, म्या निघतो.” टोमॅटो गोळा करायलासुद्धा थांबला नाही.

मला त्या अवस्थेतही जे पहिलं वाटलं ते सांगतो, हसाल तर हसा. वाटलं, दगड मांडणारे आयुष्यात खूप पाहिले, उचलून ठेवणारा आज पहिला भेटला.

घरी आल्यावर जावयांना फोन केला, त्यांनी तो विहीणबाईंना दिला. मी सगळं सांगितलं, मुलीला शिवेवर उतरवलं हेही सांगितलं आणि शिव्या खायची तयारी ठेवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमी उतरवली का त्या शिवंवरच्यानं उतरवली, भाऊ?” मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “मंग माजं काई म्हननं नाय.” आणि बाळाच्या टोपड्यांबद्दल बोलायला लागल्या.

मी मात्र गप्प बसलो नाही. जावई आले तेव्हा त्यांच्याबरोबर परत तिथे गेलो. ढीग तसाच होता. फांद्या सुकलेल्या. प्राजूने त्या दिवशीच ओळखलं होतं की त्या जांभळीच्या आहेत. आम्ही वर-खाली बरंच फिरलो, जांभळीचं झाड दिसलं नाही. जवळच्या दोन्ही गावांत विचारलं. त्या दिवसांत माणसं बरीचशी द्राक्षाच्या कामाला निफाडकडे, दिंडोरीकडे गेलेली, घरात म्हातारी आणि लहान पोरं. ते दगड हलवणारं कुणी नव्हतं आणि हलवले असं म्हणणारंही कुणी भेटलं नाही. माझे एक मित्र म्हणतात, गुराखी असणार. असेल. मग तो दगड ठेवताना ऐकू आला आणि उचलताना का नाही? दुसरे म्हणतात, तुम्ही धक्क्यात होता, भास झाला. चौघांना एकच? आणि त्या पोराने ब्रेक मारला तो कशाला बघून? मी हे सगळे प्रश्न स्वतःलाच विचारून बघितले आहेत, कट्ट्यावर विचारतो तसे. उठून जायला जागा राहिली नाही एवढंच.

प्राजूला मुलगी झाली, महिनाभरात, अगदी सुखरूप. ती लाथा मारणारी ‘तो’ नव्हतीच. आता चालते, पडते, परत चालते आणि दिवसभर मला हुकूम सोडते. घर भरून गेलंय. मी सुखी माणूस आहे.

या हिवाळ्यात नातीला घेऊन आम्ही सगळे सुरगाण्याला निघालो. त्या वळणाच्या बऱ्याच पुढे, सरळ रस्त्यावर गाडी लावली आणि कडेकडेने चालत मागे आलो. सौ.नी नारळ आणला होता, हळदकुंकू आणलं होतं, त्यांचं त्या करत होत्या. प्राजू मुलीला कडेवर घेऊन उभी. मला काय करावं कळेना. हात जोडायची सवय नाही आणि उगाच जोडले तर ते खोटं झालं असतं. मला अजून माहीत नाही तिथे कोण होतं, काय होतं, होतं की नव्हतं. बहुतेक कधी कळणारही नाही.

पण उभ्या उभ्या एकच गोष्ट मनाला लागली. आपल्या गाडीला कुणी नुसता धक्का मारला तरी आपण त्याला चहा-पाणी विचारतो. इथे कुणीतरी माझ्या लेकीसाठी भर उन्हात एवढे दगड वाहिले, मांडले, परत उचलले, आणि मी त्याला साधं पाणी न विचारता निघून गेलो होतो. मी गाडीतून तांब्या भरून आणला. त्या दगडांच्या ढिगाजवळ ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, “पाणी घ्या.” घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले.

काही झालं नाही. पण मी लगेच वळलो नाही, पाहुणा पाणी पिऊन होईपर्यंत आपण थांबतो तेवढा वेळ तिथे थांबलो.